बुडालेल्या भावांचे दिवे

विजय नगर, जबलपुर
१२ जानेवारी २०२६

आई,

नमस्कार. अक्षर ओळखलंत तर पाकीट फाडू नका, आधी वाचा. तुमचा नंबर मीच फोनमध्ये बंद करून ठेवला आहे आणि समोर येऊन बोलायची माझी हिंमत नाही, म्हणून पोस्टानं लिहिते.

रुचिराला चौथा महिना लागला आहे. तिची तब्येत चांगली आहे. तिचा नवरा अंकुर तिची काळजी घेतो. पण लिहायचं कारण दुसरं आहे.

एप्रिल २०२१ मध्ये आनंद कोरोनानं दवाखान्यात होते तेव्हा तिथे एका संशोधनासाठी काही पेशंटचं रक्त घेऊन ठेवलं होतं. पन्नाशीच्या आतले पुरुष, शुगर नाही, बीपी नाही, तरी ज्यांचा आजार एकदम वाढत गेला असे. मी तेव्हा न वाचता सही केली होती. तेव्हा कोणी काहीही समोर धरलं असतं तरी मी सही केली असती. आता त्यांच्यातल्या डॉक्टर राजश्री मॅडमचा फोन आला. आनंदच्या रक्तात त्यांना एक जन्मापासूनचा बदल सापडला आहे. मॅडमनी समजावलं ते असं : विषाणू शरीरात शिरला की पहिली खबर देणारी एक यंत्रणा असते. फॅक्टरीच्या भोंग्यासारखी. भोंगा स्वतः काही काम करत नाही, पण तो वाजल्याशिवाय कोणी कामावर येत नाही. आनंदचा भोंगा बहुतेक बिघडलेला होता. म्हणून आपल्याला दोन दिवस अंग दुखून गेलं तेच त्यांना अकराव्या दिवशी घेऊन गेलं.

मॅडम 'बहुतेक' म्हणतात, कारण हा नेमका बदल त्यांनी आधी कुठे पाहिलेला नाही. तो निरुपद्रवीही असू शकतो. तो मुलाला आईकडूनच येतो. बाईकडे त्या भोंग्याच्या दोन प्रती असतात, एक बिघडली तरी दुसरी सांभाळून घेते. पुरुषाकडे एकच. आणि बापाची ती एक प्रत मुलीला जातेच, म्हणजे रुचिराला ती गेलीच आहे. तिला मुलगा झाला तर त्याला येण्याची शक्यता निम्मी.

म्हणून दोन गोष्टी हव्या आहेत. तुमचं थोडं रक्त. आणि तुमच्या माहेरी कोणी पुरुष तरुणपणी तापानं गेला होता का, याचं उत्तर. त्यावरून हा बदल खरंच घातक आहे का ते ठरवायला मदत होईल.

माझ्यासाठी नको, रुचिरासाठी सांगा.

हर्षा

—

गोरखपुर, जबलपुर
१९ जानेवारी

हर्षास,

तुझं पत्र पाच दिवसांनी पोचलं. विजय नगर इथून सहा किलोमीटर. मी काठी टेकत आले असते तरी दोनदा येऊन परत गेले असते. घरात वहीचा कागद नाही, म्हणून जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूनं लिहून राहिली आहे. पुढे गणपती आहे, उलटा ठेवू नको.

नात पोटुशी आहे हे मला पोस्टमन सांगणार. लग्न झालं ते भाजीवाली सांगून गेली. अच्छा आहे, चलो.

आता तुझ्या कामाचं. पाच वर्षं झाली, ताप पाटनहून तू आणला हे साऱ्यांना माहीत आहे. तुझ्या भावाच्या, भय्यासाहेबाच्या पोरीच्या साखरपुड्याला जाऊ नको म्हणून मी दारात आडवी उभी होती, तरी गेली. आता एक डॉक्टरीण निघाली की नाही, ताप सुनेनं नाही, सासूनं दिला! वा. एवढं शिकून हेच शोधलं काय त्या बाईनं? मी चौथी शिकलेली, तरी मला कळते की ताप बाहेरून येतो, आईच्या पोटातून येत नाही.

माझ्या माहेरी कोणी तापानं गेला नाही. माझे दोन भाऊ, रामराव आणि चंद्रशेखर, हिरन नदीच्या पुरात बुडाले. तू बावीस कार्तिक पौर्णिमा माझ्यासोबत नर्मदेच्या ग्वारीघाटावर आली, दोन दिवे कोणाचे सोडत होते मी? तुझ्याच हातानं वाती वळल्या आहेत. मग काहून विचारते?

रक्तबिक्त देणार नाही. या वयात आहे तेवढं पुरलं पाहिजे.

रुचिराला सकाळी उठल्यावर मळमळते काय? आनंदच्या वेळी मला भाजलेले चणे चालायचे, बाकी सगळं उलटून पडायचं. तुला सांगायचं म्हणून नाही, असंच आठवलं.

अनसूया

—

विजय नगर
२७ जानेवारी

आई,

पत्र मिळालं. मॅडमना सांगितलं की दोन्ही मामा पुरात बुडाले. त्या म्हणाल्या, मग घरच्या इतिहासातून काही आधार मिळत नाही. नुसता एक बदल सापडला एवढ्यावर त्या काही ठाम बोलणार नाहीत. प्रयोगशाळेत तपासत राहतील, त्याला किती वर्षं लागतील सांगता येत नाही. तोवर उगाच घाबरू नका, म्हणाल्या.

खरं सांगू? आम्हाला बरं वाटलं. रुचिरा महिनाभर नीट जेवत नव्हती. काल तिनं स्वतः गाजराचा हलवा केला. बाळ झाल्यावर त्याची तपासणी करायचं ठरलं होतं ते तिनं रद्द केलं. 'जे नाहीच ते काय शोधायचं मम्मी' म्हणाली. तिनं तपासणीचा कागद फाडून टाकला. मीही अडवलं नाही.

तुम्ही मामांचं लिहिलंत म्हणून एक आठवलं. बरगीच्या धरणावर ऑफिसची सहल गेली होती. सगळे पाण्यात उतरले आणि आनंद काठावर उभे. दोन्ही मनगटांवर मिळून सात घड्याळं, खिशात सगळ्यांची पाकिटं, खांद्यावर टॉवेल. त्यांचा मित्र अनुपम ओरडला, 'अरे आनंद, तू इन्सान है कि खूंटी?' सगळे हसले. तेही हसले. परत येताना बसमध्ये मला म्हणाले, 'आईनं शपथ घातली आहे, नाहीतर मला पोहायचं फार मनात होतं.' तेव्हा ते चाळीस वर्षांचे होते.

तुम्ही त्यांना नदीपासून जपलंत. ते नदीनं गेले नाहीत. माझ्यामुळे गेले. हे तुम्ही तेराव्याला सगळ्यांसमोर म्हणालात, आणि मी त्या दिवसापासून रोज स्वतःला म्हणते. त्यासाठी डॉक्टर लागत नाही. मध्ये दोन आठवडे मला वाटलं होतं की कदाचित तसं नसेल. ते आता संपलं.

मला वाटतं, आता आपल्याला पत्र लिहायचं काही कारण उरलं नाही.

हर्षा

—

गोरखपुर
९ फेब्रुवारी

हर्षास,

कारण नाही म्हणालीस, तरी लिहून राहिली आहे. पोस्टाचं पाकीट घरात उरलं होतं, वाया काहून घालवायचं.

आपल्या गल्लीत एक बाई राहायला आली आहे, प्रतिमा नावाची. तिच्या माहेरीही असंच काही आहे. तिचे भाऊ लहानपणी गेले, पण ते बुडाले की आणखी कशानं गेले हे तिला नीट आठवत नाही. लहान होती. तिनं मला विचारलं की समजा ते तापानं गेले असतील, तर त्या डॉक्टरबाई काय म्हणतील? आणि इतक्या वर्षांनी सांगून काही उपयोग असतो काय, की जुनं उकरून नुसता चिखल? मी म्हटलं, माझी सून मास्तरीण आहे, तिला विचारते.

तिचं बाळ अजून व्हायचं आहे. म्हणजे तिच्या नातीचं.

घड्याळांचं मला माहीत नव्हतं. सात म्हणजे फार झाली.

अनसूया

—

विजय नगर
१६ फेब्रुवारी

आई,

त्या गल्लीत मी बावीस वर्षं राहिले. तिथे कोणी नवीन राहायला येऊच शकत नाही. सगळी घरं भावाभावांच्या भांडणात अडकली आहेत. प्रतिमा नावाची बाई नाही.

मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, एकाच आईचे दोन तरुण, धडधाकट मुलगे तापानं पाठोपाठ गेले असतील तर सगळंच चित्र बदलतं. त्यानं शंभर टक्के सिद्ध होत नाही, पण मग त्या हा बदल निरुपद्रवी समजून बसणार नाहीत. आणि उपयोग आहे. मुलगा झाला आणि त्याच्यात तो असला, तर आधीपासून माहीत असेल. लसी वेळच्या वेळी. साधा ताप आला तरी घरी काढे पाजत बसायचं नाही, कागद घेऊन सरळ दवाखान्यात. आपण आनंदना सहा दिवस घरी वाफ देत बसलो होतो.

आता मला सरळ सांगा. मामा बुडाले होते की नाही?

हर्षा

—

गोरखपुर
२३ फेब्रुवारी

हर्षा,

नाही.

एवढंच लिहून पाकीट बंद केलं होतं. मग परत उघडलं. लाळेनं चिकटवलेलं होतं, लवकर सुटलं. आता सगळंच लिहिते, मध्ये थांबले तर पुन्हा हात चालणार नाही.

मी दहा वर्षांची होते. पाटनच्या पुढे हिरनच्या काठी आमचं गाव. मोठा रामा बावीसचा, चंदू एकोणीसचा. दोघे आखाड्यात जायचे, रामा तर बैल खाली बसवायचा. त्या साली फ्लूची साथ आली. साऱ्या गावाला ताप आला आणि साऱ्या गावाचा उतरला. मला आला, तीन दिवसांत मी बोरं खायला पळाली. आईला आला, ती तापातच भाकरी थापत होती. म्हातारेकोतारे उठून बसले. आणि हे दोन पैलवान आडवे. दम लागला. उशा लावून बसवलं तरी दम. ओठ निळे झाले, जांभूळ खाल्ल्यासारखे. सोमवारी रामा गेला, शुक्रवारी चंदू. हिरन तेव्हा गुडघाभर होती. तिच्यात म्हैस बुडाली नसती.

गावानं आमच्या विहिरीचं पाणी बंद केलं. म्हणे ताप तर आम्हालाही आला, पण मेले यांच्याच घरचे, म्हणजे घरातच काही आहे. बाबांनी शेत विकून जबलपुर धरलं, फॅक्टरीत लागले. माझ्यासाठी पहिलं स्थळ आलं ते याच गोष्टीवर मोडलं. अशी पोरं चार दिवसांत जातात त्या घरची पोरगी कोण करणार? तेव्हा बाबांनी मला समोर बसवलं आणि पाढे पाठ करून घेतात तसं पाठ करून घेतलं. भाऊ कुठं गेले? हिरनमध्ये. कधी? पुरात. दोघं एकदम? धाकट्याला काढायला मोठा उतरला. एवढं त्यांनी जोडलं. मी सतरा-अठराची, मला ते ऐकून रडू आलं, जसं खरंच तसं झालं. बाबा म्हणाले, बस, असंच रडायचं.

दुसरं स्थळ हे. सासूबाईंनी विचारलं, मी म्हणून दाखवलं, रडले. सासूबाई बिचाऱ्या माझ्याहून जास्त रडल्या. हिरन शेवटी नर्मदेलाच मिळते म्हणून पहिल्याच कार्तिकी पौर्णिमेला मला ग्वारीघाटावर घेऊन गेल्या, कणकेचे दोन दिवे स्वतः केले, म्हणाल्या, सोड भावांसाठी, आणि नर्मदामाईला सांग की माझ्या वंशाचं कोणी मागू नको. आता काय करते? तिथं त्यांना म्हणू की दिवे उचला, कोणी बुडालं नाही? सोडले. दुसऱ्या वर्षी पुन्हा सोडले. मग साठ वर्षं सोडत राहिले. पुढे पुढे तर मला पाण्यात चंदूचा हात दिसायचा. खोटं इतकी वर्षं दिव्यानं उजळलं की तेच खरं वाटायला लागलं.

आनंद झाला तशी सासूबाईंनी शपथ घातली की पोर पाण्यात जाणार नाही. ती मी पाळली, तुझ्या नवऱ्यालाही पाळायला लावली. भेडाघाटला गेलो तरी याचा दंड धरून उभी. पोराला मी आयुष्यभर नदीपासून ओढत राहिले, आणि जे त्याला मारणार होतं ते मीच त्याला जन्माच्या आधी देऊन बसले होते.

अजून एक आहे. हे तुला माहीत आहे, पण मी डोळ्यांसमोर काय पाहून राहिली होती हे तुला तेव्हा माहीत नव्हतं. दवाखान्यातून फोन आला होता, तू स्पीकरवर लावला होता. डॉक्टरनं विचारलं, 'माताजी, आपके मायके में कोई जवान आदमी ऐसे बुखार से गया है?' मी म्हटलं, 'नहीं बेटा, दोनों भाई डूबे थे.' तू बाजूला उभी राहून मान हलवली. त्याच फोनवर सिस्टर सांगत होती की ओठ निळे पडले आहेत. मी निळे ओठ पाहिले होते, हर्षा. त्या घरात फक्त मीच पाहिले होते. तरी तोंडातून पाढाच निघाला.

तेव्हा खरं बोलले असते तर तो वाचला असता काय, हे त्या डॉक्टरबाईला विचार. जे म्हणेल ते लिही. गोड करून लिहू नको.

आणि मग तेराव्याला मी तुझी सुटकेस बाहेरच्या पायरीवर ठेवली. 'तू आणलंस आणि तू उरलीस' म्हणाले. ताप तू आणला असशील. तापाला काय, कोणीही आणला असता, दूधवाल्यानं आणला असता. पण तो आल्यावर उठून बसायचं सामान तुझ्या अंगात होतं, त्याच्या अंगात नव्हतं, आणि ते देणं माझ्याकडे होतं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं असं लिहिणार होते. पण थोडं माहीत होतं. दोन भाऊ तसे गेलेले पाहिले त्या बाईला थोडं माहीत असतंच. म्हणून तर तुझं नाव इतक्या मोठ्यानं घेतलं.

रुचिराला सांग, तो कागद पुन्हा मागवून घे.

अनसूया

—

गोरखपुर
२५ मार्च

हर्षा,

महिना झाला, तुझं पत्र नाही. मी काही मागून नाही राहिली. फक्त कळवते की रक्त देऊन आले.

तुझ्या पहिल्या पत्रात डॉक्टरबाईचं नाव होतं, त्यावर विचारत विचारत गेले. दोन ऑटो बदलले. तिथली पोरगी माझा हात उलटा सुलटा करून म्हणाली, 'अम्मा, नस नहीं मिल रही.' मी म्हटलं, 'ढूंढो बेटी, साठ साल से छुपा के रखा है.' ती हसली, तिला काय समजलं देव जाणे. तिसऱ्या टोचण्याला मिळाली.

मग एक फॉर्म, इंग्रजीतला. मला लिहायला जमत नव्हतं म्हणून ती विचारत गेली आणि मी सांगत गेले. बाहेर बाकावर पंधरा माणसं बसली होती, सगळ्यांना ऐकू जात होतं. 'भाइयों की मृत्यु का कारण?' मी तोंड उघडलं तर आधी 'हि' निघालं. मग म्हटलं, बुखार. तिनं लिहिलं, बुखार. दुसऱ्याचं? बुखार. कोणी मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. या एका शब्दाला भिऊन माझा बाप शेत सोडून पळाला होता.

येताना चणे घेतले. पाठवू काय, पोस्टात जातात काय?

अनसूया

—

विजय नगर
१० एप्रिल

आई,

तुमचं २३ फेब्रुवारीचं पत्र मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा खूप रागावले. तुमच्यावरच. पाच वर्षं. रुचिराचं लग्न तुमच्याशिवाय झालं, फोटोत आनंदच्या बाजूचं कोणीच नाही. माझ्या भावानं दर दिवाळीला फोन करून 'हर्षा, ये' म्हटलं आणि मी गेले नाही, कारण त्या घराचा उंबरा मला आनंदच्या चितेसारखा वाटायचा. भय्यासाहेबांची मुलगी आता दोन लेकरांची आई आहे. तिनं स्वतःच्या साखरपुड्याचे फोटो कोणाला दाखवले नाहीत म्हणे. तिलाही वाटायचं की तिच्यामुळे काका गेले. हे मला मागच्या आठवड्यात कळलं. एका वाक्यानं तुम्ही किती घरं बंद केलीत, तुम्हाला अंदाज नाही.

हे लिहायचं होतं. आता बाकीचं.

तुमचा रिपोर्ट आला. आनंदमधला बदल तुमच्यात आहे. एक प्रत बिघडलेली, एक चांगली. रुचिराचंही तेच, ते ठरलेलंच होतं. तुम्ही सांगितलेल्या मामांमुळे आणि प्रयोगशाळेतल्या आतापर्यंतच्या कामामुळे मॅडम आता तो घातक असावा असं धरून चालतात. मामांना याच कारणानं झालं हे आता कोणी सिद्ध करू शकत नाही, हेही त्यांनी दोनदा सांगितलं. मुलगा की मुलगी हे आधी विचारायचं नाही, तो कायदाच आहे, आणि आम्हाला विचारायचंही नाही. बाळ झाल्यावर तपासतील. रुचिरा आधी खूप रडली, मग उठून फाडलेल्या कागदाची नवी कॉपी मागवली आणि फाईल केली. फाईलवर तिनं स्वतः नाव लिहिलं आहे : 'भोंगा'. तुमचीच नात.

तुम्ही विचारलं होतं की तेव्हा खरं सांगितलं असतं तर आनंद वाचले असते का. मी मॅडमना विचारलं नाही. नंबर लावला होता, ठेवून दिला. त्या 'हो' म्हणाल्या असत्या तर मला तुमचं तोंड पाहता आलं नसतं. 'नाही' म्हणाल्या असत्या तर तुम्ही विश्वास ठेवला नसता. तेवढं तुमच्याकडे राहू द्या. माझ्याकडेही बरंच आहे. मीही साखरपुड्याहून आल्यावर घसा दुखतो हे दोन दिवस लपवलं होतं, तुम्ही बोलाल म्हणून. हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

रविवारी मी पाटनला गेले होते. भावाच्या घरी जेवले. पुरी-भाजी होती. वहिनी वाढत राहिली.

सध्या घरी येऊ नका. मला अजून जमणार नाही. चणे पोस्टात जातात, पण पुडा नीट शिवा, मागच्या वेळी रुचिराच्या सासूबाईंचे लाडू चुरा होऊन आले. बाळ झालं की कळवीन. फोनवर कळवीन. नंबर उघडला आहे.

हर्षा

—

गोरखपुर
१८ एप्रिल

हर्षा,

तुझं पत्र चार दिवसांत आलं. पोस्टवाले सुधारले.

तू रागावली हे बरं केलं. रागावली नसती तर मला वाटलं असतं की तुझंही डोकं गेलं. घसा दुखत होता हे लपवलं, ते माझ्या तोंडाला भिऊन लपवलं. मग ते तुझ्या खात्यात का टाकते? माझ्यात टाक, इथं जागा आहे.

भय्यासाहेबाच्या पोरीला मी दोन ओळी लिहिल्या आहेत. पत्ता तिच्या बापाचाच घातला. माफी वगैरे मला लिहिता येत नाही, चौथीत शिकवत नव्हते. लिहिलं की साखरपुड्याचे फोटो काढ आणि भिंतीवर लाव, सासूनं हे सांगायला पाच वर्षं उशीर केला. कोणाची सासू, हे ती समजून घेईल.

परवा आनंदचा दिवस. आज मी ग्वारीघाटावर जाऊन आले. कार्तिक नव्हता, गर्दी नव्हती, नावाडी झोपले होते. घाटावरच्या बाईनं सवयीनं दोन दिवे पुढे केले, 'अम्मा, भाइयों के?' मी म्हटलं, एकच दे. तिनं विचारलं, कोणाचा. मी म्हटलं, 'नर्मदाजी का ही.' ती पाहतच राहिली. साठ वर्षं मी नर्मदेवर आळ घेतला, दरवर्षी सगळ्यांसमोर, दिवा लावून. तिनं माझ्या घरचं कोणी नेलं नव्हतं. ती तर वाहते आहे, तिला काय फरक पडला. माणसाला पडतो. ते मी तुझ्याकडे बघून शिकले, उशिरा शिकले.

घरी येत नाही. तू बोलावशील तेव्हा, नाही बोलावलं तरी चलते. चणे शिवून वेगळे पाठवले आहेत, दुहेरी टाका घातला आहे.

एक सांगते, ते मात्र करा. बाळ झालं की आधी तो रिपोर्ट. मुलगा असो की मुलगी, सुया सगळ्या टोचून घ्या, रडलं तर रडू द्या. ताप आला तर ती फाईल बगलेत मारून दवाखान्यात, आणि कोणी विचारलं, खानदान में? तर पहिल्या शब्दात सांगा. लाजू नका.

आणि पाच-सहा वर्षांचं झालं की त्याला पाण्यात सोडा. पोहायला शिकवा. नीट, मास्तर लावून. काठावर उभं ठेवू नका कोणाची घड्याळं सांभाळत. माझी शपथ आनंदवर होती, ती आज घाटावर उतरवून आले.

गोरखपुरच्या बाजारात लहान मुलांच्या पोहायच्या चड्ड्या मिळतात. एवढ्याशा असतात, निळ्या, पट्ट्यापट्ट्यांच्या. मी हातात घेऊन पाहिली. जन्माआधी घ्यायचं नसते म्हणून घेतली नाही. दुकान पाहून ठेवलं आहे.

अनसूया